चौदा खणांची सोबतीण

ताईच्या गोळ्यांच्या डबीत पाहण्यासारखं काही नाही. पातळ प्लास्टिक, वर सात खण, खाली सात. वरची ओळ सकाळची, तिची झाकणं निळी. खालची रात्रीची, ती पांढरी. झाकणांवरची इंग्रजी अक्षरं वापरून वापरून पुसली गेली. होती तेव्हाही त्यांचा भरवसा नव्हता, कारण सातांत दोन एस आणि दोन टी. ताईने काळ्या मार्करने त्या जागी आपले वार घातले: सो, मं, बु, गु, शु, श, र. शनिवार सकाळचं झाकण जरा सैल आहे, म्हणून डबीच्या कमरेला कायम एक रबर. दुकानात अशा डझनभर डब्या टांगलेल्या असतात. त्यांतून हिला ओळखायचं तर त्या रबरावरूनच.

ही डबी फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या सरहद्दीजवळच्या गावातून निघाली, पिरेनीज पर्वत चढून उतरली आणि स्पेनच्या पार पश्चिमेला सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या कॅथेड्रलपर्यंत गेली. सुमारे ७८० किलोमीटर. या वाटेला कामिनो म्हणतात. मध्ययुगापासून यात्रेकरू ती चालत आलेत, आणि १९९३ साली युनेस्कोने तिचा स्पेनमधला भाग जागतिक वारशात घेतला. बहुतेकांना पाचेक आठवडे लागतात. आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. ताई साठी ओलांडलेली, आणि थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असं सगळं गोत बरोबर घेऊन. मला अजून एकही गोळी लागलेली नाही, त्यामुळे डबीकडे लांबून पाहायची चैन मला परवडत होती.

स्वभावाने डबी एककल्ली. तिला दोनच गोष्टी कळतात: वार कोणता, आणि खण भरलेला की रिकामा. किती चाललात, पायाला फोड आलेत का, दुपारी पोटात काही गेलं का, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पण तिच्या दोन गोष्टींत तिचा शब्द शेवटचा. "मी सकाळची गोळी घेतली का गं?" हा प्रश्न घरी कसाही सुटतो. दूधवाला येऊन गेला, कामवाली आली नाही, कॅलेंडरवर एकादशी आहे, अशा खुणा असतात. वाटेवर त्यांतली एकही नसते. उठायचं, पिवळे बाण शोधत चालायचं, कपडे धुवायचे, झोपायचं. आठवड्याभरात सोमवार आणि गुरुवार एकमेकांत मिसळून जातात. डबीचे मात्र मिसळत नाहीत. शनिवारचं झाकण उघडलं की ताई म्हणायची, "आज पाव-फळं घेऊन ठेव हं." कारण रविवारी तिथल्या लहान गावांतली दुकानं बंद, औषधांची तर बऱ्याचदा शनिवार दुपारपासूनच. आम्हाला उपाशी राहू न देणं हे डबीचं काम नव्हतं, पण तेही तिने केलं.

हिच्या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेतल्या इलिनॉयचा. डेव्हिड वॅग्नर हा इंजिनियर. १९६०च्या सुमारास गर्भनिरोधक गोळ्या नव्याने आल्या होत्या, आणि त्याच्या घरात आजची गोळी घेतली की नाही यावरून नवरा-बायकोत रोज वाद. त्याने एका कागदावर वार लिहिले, प्रत्येक वारावर एक गोळी मांडली आणि कागद कपाटावर ठेवला. कागद पडला, गोळ्या विखुरल्या. मग त्याने प्लास्टिकची गोल डबी केली, फिरवली की त्या दिवसाची गोळी हातात पडेल अशी, आणि १९६४ साली तिचं पेटंट मिळालं. गोळ्यांच्या वारवार डब्यांचा वंश तिथून धरला जातो. म्हणजे हे कूळ आजारपणातून नव्हे, घरातल्या भांडणातून निघालंय. ताईच्या डबीचा करारी बाणा बघता मला ते पटतं.

कामिनोवर मुक्काम आल्बेर्गेत. ही यात्रेकरूंची धर्मशाळा: दुमजली पलंग, एका खोलीत कुठे दहा, कुठे चाळीस माणसं, आणि रात्री दहाला दिवे बंद. उन्हाच्या आधी अंतर काटायला लोक पहाटे अंधारातच उठतात. अशा वेळी डबीचं झाकण 'टक्' करून उघडलं तर चार पलंगांपलीकडचा माणूस कूस बदलतो. ताई पांघरुणात हात घालून, अंगठ्याने दाबून ते उघडायला शिकली. पण दिवसाची पहिली गोळी डबीतली नसेच. थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचं आणि कॉफीच्या निदान अर्धा तास आधी, म्हणून त्याला सकाळच्या इतर गोळ्यांच्या खणात जागा नाही. ते त्याच्या बाटलीतच राहिलं, उशाशी. स्पेनची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. थायरॉक्सिनला त्याचं काही वाटत नाही, ते शरीरात अनेक दिवस रेंगाळतं. मेटफॉर्मिन जेवणाला बांधलेलं, त्यामुळे जेवण जिकडे तिकडे ते. घड्याळाची खरी कटकट इन्सुलिनवाल्यांना.

डबीचा मोठा दोष असा की तिला वार माहीत, नावं माहीत नाहीत. स्ट्रिपमधून गोळी खणात पडली की तिचं नाव, मात्रा, मुदत सगळं मागे राहतं. उरतं काय, तर एक पांढरी लांबट, एक फिकट, एक अर्धी. विमानतळावर कुणी विचारलं तर डबी गप्प. रस्त्यात चक्कर येऊन पडलात आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने सॅक उघडली तरी डबी गप्प. म्हणून ती विमानात रिकामीच बसली. औषधं मूळ वेष्टनांत, केबिनच्या बॅगेत, निम्मी ताईकडे आणि निम्मी माझ्याकडे. एक सॅक हरवली तरी अर्धी वाट निभावावी, असा हिशेब. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र होतं, त्यात कंपनीची नव्हे, औषधांची मूळ नावं: टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅटोर्वास्टॅटिन, थायरॉक्सिन. आपल्याकडच्या स्ट्रिपवरचं ठळक नाव तिकडच्या दुकानदाराला काहीच सांगत नाही. खाली बारीक अक्षरांत असतं ते सांगतं. शिवाय आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्या सर्रास मिळतात. तीच जोडी, त्याच प्रमाणात तिकडे मिळेलच असं नाही. टपालाने मागवू म्हणावं तर परदेशातून खाजगी माणसाच्या नावे औषधं पाठवणं स्पेनमध्ये चालत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, पण नेहमीच्या आजाराच्या नेहमीच्या गोळ्या त्यात बहुधा बसत नाहीत. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांचे नियम आणखी कडक, त्यांची चौकशी निघण्याआधी वकिलातीकडे करावी. तेव्हा पाच आठवड्यांचं सामान, वर आठवडाभराचं जास्तीचं, सगळं इथूनच न्यायचं. ताईकडचं हे सगळं एका प्लास्टिकच्या थैलीत होतं. डबी चढून बसायची सॅकच्या वरच्या कप्प्यात, थैली तळाशी. माझ्या मते दोघींत खरी शहाणी थैली.

डबीतही एकीने जात सोडली नव्हती. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याला वेष्टनातून आधी काढून ठेवायचं नाही. त्यामुळे ताईने स्ट्रिप कात्रीने कापून एकेक चौकोन फॉइलसकट सकाळच्या खणात ठेवला. बाकीच्या उघड्याबोडक्या आणि ही एक चिलखत घालून. त्या फॉइलचे कोपरे टोचरे असतात, अंधारात चुकून वेष्टनासकट गिळू नये म्हणून ती गोळी उजेडातच घ्यायची असा नियम झाला. सॅक पुढच्या गावी पाठवायची सोय कामिनोवर आहे. पाच-सात युरोत गाडी ती घेऊन जाते आणि तुम्ही मोकळ्या पाठीने चालता. ताईने ती दोनतीनदा वापरली, पण डबी कधी गाडीत गेली नाही. त्या दिवशी ती ताईच्या कमरेच्या पाउचमध्ये, कॉफीबरोबर मिळणाऱ्या साखरेच्या पुड्यांशेजारी.

त्या पुड्यांचीही गोष्ट आहे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालताना स्नायू रक्तातली साखर भराभर ओढतात. मेटफॉर्मिन एकटं साखर सहसा फार खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं, कारण ते तुम्ही जेवलात की नाही हे न विचारता स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांनी ती गोळी निम्मी केली. डबीतली अर्धी ती हीच. तरीही एका चढावर ताईचा हात थरथरायला लागला, घाम फुटला, आणि ती माझ्यावर विनाकारण चिडली. चिडणं हे तिचं पहिलं लक्षण. दोन पुड्या पाण्यात, पंधरा मिनिटं दगडावर बसणं, पुन्हा बोटाला सुई, मग एक केळं. डबी मांडीवर होती. तिला यातलं काही कळलं नाही.

बुर्गोसला आम्ही पोचलो तेव्हा ताईची नडगी सुजली होती. स्पेनमध्ये औषधांचं दुकान म्हणजे फार्मासिया, बाहेर हिरवा क्रॉस. पुष्कळ ठिकाणी तो लुकलुकत वेळ आणि तापमानही दाखवतो. दुपारी दोनच्या पुढे बहुतेक बंद. दारावर त्या रात्री कोणतं दुकान उघडं राहणार त्याची पाटी, त्याला म्हणतात फार्मासिया दे ग्वार्दिया. आम्ही संध्याकाळी गेलो. काउंटरमागे पांढऱ्या कोटातली तरुण मुलगी. ताईने नडगी दाखवली आणि वाटेवर सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव घेतलं: आयबुप्रोफेन. तिकडचे यात्रेकरू ते चण्याफुटाण्यांच्या सहजतेने खातात. सहाशे मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय देणार नाही, असं तिने सांगितलं आणि विचारलं, रोजची औषधं कोणती? ताईने मोठ्या विश्वासाने डबी पुढे केली.

मुलीने एक झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि खांदे उडवले.

मग थैली निघाली. डॉक्टरांच्या पत्रावरून बोट फिरवत ती एका ओळीपाशी थांबली. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन. स्पॅनिशमध्ये ही नावं जवळजवळ तीच. तिने मान हलवली आणि कमी ताकदीचं आयबुप्रोफेनही दिलं नाही. कारण डॉक्टर मंडळींना चांगलं ठाऊक आहे: आयबुप्रोफेनने मूत्रपिंडात रक्त येण्याची वाट आकसते, टेल्मिसार्टनने बाहेर जाण्याची वाट सैलावते, क्लोरथॅलिडोनने अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं असतं. त्यात उन्हात दिवसभर चालणं. तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंड काम थांबवू शकतं. मुलीने साडेसहाशेची पॅरासिटामॉल दिली, बर्फाने शेकायची खूण केली आणि एक दिवस चालू नका म्हणाली. थैलीतून आणखी एक स्ट्रिप बाहेर आली होती, ताईच्या भिशीतल्या मैत्रिणीने प्रेमाने दिलेली, "कंबरेला हमखास" म्हणून. निमेसुलाइड. यकृताला धोका म्हणून स्पेनने ते २००२ सालीच बाजारातून काढलंय. मुलीने ती स्ट्रिप दोन बोटांनी उचलून थैलीच्या बाहेर, लांब ठेवली.

त्या संध्याकाळपासून ताईचं डबीवरचं भाबडं प्रेम थोडं उतरलं. "हिला वार कळतो, बाकी काही कळत नाही," असं ती म्हणाली. मला त्यात सूक्ष्म समाधान वाटलं, हे कबूल.

बुर्गोसच्या पुढे मेसेता लागतं. सपाट, गव्हाची, सावली नसलेली पठारभूमी. तिथे कास्त्रोखेरिसच्या अलीकडे सान आन्तोनच्या मठाचे अवशेष आहेत, आणि रस्ता त्यांच्या कमानीखालून जातो. इथले साधू एका रोगावर उपचार करीत. हातपाय जळल्याची आग, मग ते काळे पडून झडणं. त्याला संत आन्तोनची आग म्हणत. राय धान्याला लागणाऱ्या एका बुरशीचं ते विष होतं. उत्तर युरोपातून रायचा पाव खात आलेला यात्रेकरू इथे गव्हाचा पाव खाऊ लागला की रोग उतरायचा आणि श्रेय संताला मिळायचं. रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी साधू भिंतीतल्या कोनाड्यांत पाव ठेवून देत, ते कोनाडे अजून आहेत. त्याच बुरशीतून पुढे माणसाने अर्धशिशीचं अर्गोटॅमिन काढलं, आणि बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं मिथाइलअर्गोमेट्रिनही. मला हा मठ फार आवडला. डबी, थैली, चिठ्ठी काही नाही, आणि औषध काय, तर नेहमीचं खाणं बंद!

मेसेतावरच एका आल्बेर्गेत इन्सुलिन घेणारी एक आयरिश बाई भेटली. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालतं, पण तापमान तिशीच्या वर गेलं की नाही. तिच्याकडे कापडी पाउच होता, आत पाणी शोषणारे कण. गावच्या कारंज्यात भिजवला की पाणी उडत राहतं आणि आतलं थंड राहतं. आपला माठच तो, फक्त पट्ट्याला अडकवलेला. जास्तीची पेनं ती आल्बेर्गेच्या फ्रिजमध्ये ठेवी, मागच्या भिंतीपासून दूर, कारण तिथे गोठतात आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. सकाळी विसरू नये म्हणून मोबाइलचा चार्जरही त्यांच्याजवळ फ्रिजमध्ये. ताईने ही युक्ती ऐकून डबीकडे पाहिलं. डबीला यांतलं काहीच लागत नाही, याचं तिला त्या दिवशी पुन्हा कौतुक वाटलं.

कार्रिओन दे लोस कोन्देसच्या पुढे सतरा किलोमीटर गाव नाही. त्याच्या आदल्या रात्री ताईचं पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, रात्रभर. सकाळी गुरुवार. डॉक्टरांच्या पत्रामागे त्यांनी मराठीत, हाताने लिहिलं होतं: उलट्या-जुलाब असतील आणि पाणी टिकत नसेल तर मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन ही एकत्र गोळी थांबवा, मला फोन करा, खाणंपिणं सुरळीत झालं की पुन्हा सुरू. फोन लागला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडही त्या दिवशी बंद केलं, कारण पोटात अन्न नाही. मीठ-साखरेचं पाणी घोटघोट. आल्बेर्गेत सहसा एकच रात्र राहू देतात, पण आजाऱ्याला सवलत असते.

डबी खिडकीत. गुरुवारचे दोन्ही खण भरलेले, आणि शुक्रवार उजाडला.

"उघडू का गं?" ताईने विचारलं. आयुष्यभर गोळी न चुकवलेली बाई ती. खण भरलेला राहिला की तिला आपण काही गुन्हा करतोय असं वाटतं, आणि डबीही नेमकी तोच आव आणून बसलेली.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"उद्यापासून."

"मग राहू दे तिला तशीच."

शनिवारी गोळ्या सुरू झाल्या. गुरुवार-शुक्रवारच्या गोळ्या ताईने रविवारपर्यंत काढल्या नाहीत. परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस बंद होत्या? ताईने क्षणाचाही विचार न करता दोन वार सांगितले. साक्षीला डबी चांगली आहे. सल्ला मात्र तिला विचारू नये.

लेओन, आस्तोर्गा, मग डोंगर, मग ओ सेब्रेइरो आणि गालिसियाचा पाऊस. तो पाऊस कोकणातल्या माणसालाही गप्प करेल. डबीला झिप असलेल्या पिशवीत घातलं, तरी एका सकाळी मंगळवारच्या खणात पाणी शिरलं आणि मेटफॉर्मिनचा लगदा झाला. फॉइलमधली मात्र कोरडी ठणठणीत. तिच्याविषयी मी जे काही म्हटलं होतं ते मागे घेतलं. सारियापासून गर्दी वाढते. सान्तियागोचं प्रमाणपत्र मिळायला शेवटचे शंभर किलोमीटर चालणं पुरतं, म्हणून हजारो लोक तिथूनच सुरुवात करतात. त्यांच्या सॅक नव्या आणि चाल ताठ. ताई त्यांच्याकडे पाहून हसायची, मग रबर काढून डबी उघडायची.

सान्तियागोला चालणं संपलं आणि डॉक्टरांच्या कागदावरची शेवटची ओळ लागू झाली: आता साखर वर जाईल, रोज तपासा, ग्लिमेपिराइड पुन्हा पूर्ण. ताईने हॉटेलच्या पलंगावर सगळी थैली पसरली आणि डबीत अर्ध्या गोळीऐवजी अख्खी घातली. उरलेल्या औषधांच्या ढिगात ती निमेसुलाइडची स्ट्रिप अजून तशीच. स्पेनमधल्या औषधांच्या दुकानांत नकोशी औषधं टाकायला सिग्रे नावाची पेटी असते. संध्याकाळी आम्ही त्या पेटीपाशी गेलो आणि ताईने स्ट्रिप आत सोडली.

"पुढच्या भिशीत तिने विचारलं तर काय सांगू? घेतली का म्हणेल."

"सांग, सान्तियागोला वाहिली."

"ती लगेच म्हणेल, गुण आला ना मग," ताई म्हणाली, आणि आम्ही जेवायची जागा शोधायला निघालो. रात्रीचा खण जेवणानंतरचा होता आणि स्पेनमध्ये साडेआठच्या आधी कुणी ताट वाढत नाही.